फ्रंट मिशन २

‘वॅन्झर’ नावाच्या अवाढव्य युद्धयंत्रांचा जपानी व्यूहरचनात्मक व्हिडिओ गेम. स्क्वेअर कंपनीने १९९७ मध्ये प्लेस्टेशनसाठी काढला. पहिला भाग १९९५ मध्ये सुपर फॅमिकॉमवर आला होता.

धड, दोन हात आणि पाय यांची ताकद वेगवेगळी मोजायची, ही पहिल्या भागाची उत्तम कल्पना इथेही टिकली आहे. हात निकामी झाला की त्यातली बंदूकही गेली! खरी सुधारणा मात्र ‘कृती-गुणां’ची. चालणे, गोळी झाडणे, उलट वार करणे, या साऱ्यांसाठी हे गुण खर्ची पडतात. शत्रूची यंत्रे शेजारी येऊन भिडली, तर पुढच्या खेपेला ते कमीच परत मिळतात. त्यामुळे एकट्याने पुढे घुसणारा वॅन्झर घेरला जाऊन हतबल होतो, आणि कोंडी करणे हेच हत्यार बनते. पहिल्या भागात हा पेच नव्हता.

कथा २१०२ मधल्या ‘आलोर देश’ इथे, म्हणजे भविष्यातल्या बांगलादेशात, लष्करी बंडाने सुरू होते. उपखंडाची भूमी अशा खेळाच्या केंद्रस्थानी येणे दुर्मीळच.

त्रिमितीय चित्रणामुळे लढाया देखण्या झाल्या, पण रेंगाळल्याही. हा दोष मान्य करावा लागतो. अधिकृत इंग्रजी आवृत्ती थेट २०२३ च्या पुनर्निर्मितीतून मिळाली.