सौंद, दलीपसिंग

सौंद, दलीपसिंग : (२० सप्टेंबर १८९९ – २२ एप्रिल १९७३). अमेरिकेतील शेतकरी, खतविक्रेते व प्रतिनिधिगृहाचे सदस्य. मतदानाच्या हक्कासह अमेरिकन काँग्रेसमध्ये बसलेले ते पहिले आशियाई वंशाचे व पहिले शीख सदस्य. जन्म अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवड्डी येथे. पंजाब विद्यापीठाची गणितातील पदवी घेऊन (१९१९) पुढच्या वर्षी ते फळे टिकवण्याचे तंत्र शिकायला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, पण पुन्हा गणिताकडेच वळून १९२४ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

एवढे शिकूनही भारतीयाला त्या काळी शेतीखेरीज फारशी वाट नव्हती. कोलोरॅडो नदीच्या पाटपाण्यावर पिकणाऱ्या इम्पीरियल व्हॅलीत ते कापूस वेचणाऱ्या टोळीचे मुकादम झाले. पुढे लेट्यूस, लसूणघास, बीट अशी पिके स्वतः घेऊ लागले. मात्र भगतसिंग थिंद खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिलेल्या निकालाने भारतीयांना नागरिकत्व बंद झाले होते आणि ज्याला नागरिकत्व मिळू शकत नाही त्याला कॅलिफोर्नियाच्या कायद्याने जमीन विकत घेता येत नव्हती, खंडानेही करता येत नव्हती. त्यामुळे घाम भारतीयाचा आणि कागदावर नाव दुसऱ्याचे, असे सर्रास चाले. मंदीत लेट्यूसचा भाव कोसळून सौंद कर्जात बुडाले. तरी दिवाळखोरी न पत्करता त्यांनी ते वर्षानुवर्षे फेडले. त्यांच्या राजकारणाचे मूळ या शेतात आहे.

नागरिकत्वाच्या चळवळीत ते अग्रभागी होते. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने ती दारे उघडली आणि १९४९ मध्ये ते नागरिक झाले. १९५० साली वेस्टमोरलंडच्या न्यायाधीशपदावर ते निवडून आले. पण नागरिकत्वाला वर्ष पुरे झालेले नाही म्हणून निवड रद्द ठरली. १९५२ मध्ये त्यांनी तीच जागा पुन्हा जिंकली. प्रचारात एकाने खोचकपणे विचारले, निवडून आलात तर पगड्या तुम्ही पुरवणार की आम्ही आणायच्या? डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, आत काय आहे तेवढेच पाहतो, असे त्यांनी उत्तर दिले.

१९५६ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षातर्फे त्यांनी विख्यात वैमानिक जॅकलीन कॉक्रन यांना हरवले. १९५८ व १९६० मध्येही ते विजयी झाले. परराष्ट्र व्यवहार समितीवर त्यांनी काम केले. मे १९६२ मध्ये पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आणि नोव्हेंबरची निवडणूक ते हरले. कॉंग्रेसमन फ्रॉम इंडिया (१९६०) हे त्यांचे आत्मचरित्र.