निळीच राहिलेली नळी

सन 1893, बर्लिन. गेऑर्गेनश्ट्रासेवरच्या रसायनशाळेत पाऊल टाकताच नाकात झिणझिण्या येतात. मागच्याच वर्षी हॉफमन यांच्या जागी आलेले एमिल फिशर बाकापाशी उभे आहेत. वय चाळिशीचे. तुम्ही गपचूप त्यांच्या मागे उभे राहा.

गार ठेवलेल्या फ्लास्कमध्ये मिथेनॉल आहे, त्यात ग्लुकोजची पूड. काचनळीतून कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू बुडबुडतोय. हळूहळू पूड दिसेनाशी होते. नुसती विरघळली, असे वाटेल. पण तुम्ही एकविसाव्या शतकातले; तुम्हाला आतलेही दिसते. ग्लुकोजच्या कड्यातल्या पहिल्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट आहे. आम्लाचा प्रोटॉन त्याला चिकटतो आणि तो गट पाणी होऊन निघून जातो. रिकाम्या जागेवर मिथेनॉलचा ऑक्सिजन येऊन बसतो. उरलेले चार हायड्रॉक्सिल गट जागचे हलत नाहीत. निघून गेलेले पाणी मात्र परत घुसायला टपलेले असते, म्हणून मिथेनॉल कोरडे हवे आणि मुबलक हवे.

फिशर कागदावर त्या कड्याची आकृती काढतात, पाच कोनांची. तुमची जीभ शिवशिवते. ते कडे सहा कोनांचे आहे, हे 1920च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ हॅवर्थ दाखवून देतील. तोंड मिटून ठेवा.

आता ग्लुकोज आणि मिथेनॉल जोडून झालेल्या ग्लुकोसाइडचे पांढरे स्फटिक हाती आले आहेत. दोन परीक्षानळ्यांत फेहलिंगचे निळे द्रावण घ्या. एकीत साधे ग्लुकोज टाका, दुसरीत हे स्फटिक, आणि दोन्ही तापवा. पहिलीत विटकरी साका बसतो. दुसरी निळीच राहते. फिशर यांनीच 1875 मध्ये शोधलेले फिनाइलहायड्राझिन, साखरा पकडण्याचे त्यांचे हुकमी हत्यार, तेही इथे लागू पडत नाही. ज्या कार्बनवरून साखर ओळखू येते, त्यालाच मिथेनॉलने कडी घातली आहे. मात्र हेच स्फटिक विरळ आम्लात उकळले, की पाणी ती कडी काढते आणि ग्लुकोज परत मिळते. जोडणारे आम्लच, तोडणारेही आम्लच. पारडे कुठे झुकेल हे पाण्यावर ठरते.

एक वर्ष पुढे या, 1894. बाकावर आता दोन जुळी ग्लुकोसाइडे आहेत. घटक तेच, फक्त मिथेनॉलचा तुकडा एकात कड्याच्या खाली, तर दुसऱ्यात वर. यीस्टचा अर्क पहिले फोडतो, दुसऱ्याला हात लावत नाही. कडू बदामातले इमल्सिन हे विकर दुसरे फोडते, पहिल्यापाशी थबकते. फिशर लिहितात: विकर आणि ग्लुकोसाइड एकमेकांना कुलूप-किल्लीसारखे जुळायला हवेत.

निघण्यापूर्वी पहिल्या ग्लुकोसाइडमध्ये तुम्हीच इमल्सिन घालून बघा. थांबा, अजून थोडे थांबा. काहीच होत नाही. नळी निळीच राहिली होती, तेव्हाही काहीच झाले नव्हते.