तुळस, गवती चहा आणि काढे : गुण व पथ्य



अंगणात तुळशीवृंदावन आणि परसात गवती चहाचे बेट, हे आपल्याकडील घरांचे जुने चित्र आहे. पावसाळा लागला की ही पाने चहात पडतात, घशात खवखव झाली की आल्याचा तुकडा ठेचला जातो, आणि गोवा-बेळगाव भागात धणे-जिऱ्याचे कषाय चुलीवर चढते. ही परंपरा मोलाचीच आहे. मात्र जे अंगणातले आहे व देवाला प्रिय आहे, ते कोणीही, कितीही घेतले तरी चालते, असा समज तिच्याबरोबर रूढ झाला आहे. तो दूर व्हावा, या हेतूने ही माहिती येथे देत आहोत.

फांट आणि काढा

आयुर्वेदात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा ५ कषायकल्पना सांगितल्या आहेत. वनस्पतीवर उकळते पाणी ओतून, थोडा वेळ झाकून गाळले की फांट होतो. आपला पानांचा चहा याच जातीचा. क्वाथ म्हणजे काढा. शार्ङ्गधर संहितेत भरडलेल्या द्रव्यात १६ पट पाणी घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवण्यास सांगितले आहे. सुगंधी पानांतील तेल उडून जाणारे असल्याने ती फार उकळू नयेत. साल व मूळ यांना मात्र उकळी लागते. फांट सौम्य असतो. काढा तीव्र असतो. ते औषध आहे, आणि औषध म्हटले की मात्रा आलीच.

नेहमीच्या वनस्पती

गवती चहा : याचा लिंबासारखा वास सिट्रल या घटकामुळे येतो. यात कॅफिन नसल्याने केवळ याच पानांचा चहा रात्रीही घेता येतो.

आले व सुंठ : मळमळीवर आल्याचा उपयोग अभ्यासांतूनही दिसून आला आहे. मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी ते नित्य व अधिक प्रमाणात घेऊ नये.

तुळस : सर्दी-खोकल्यात तुळशीचा वापर परंपरेने होत आला आहे. तिच्यामुळे रक्तातील साखर कमी होऊ शकते, म्हणून मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तिचा रोजचा काढा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

ज्येष्ठमध : घशाला आराम देते. परंतु त्यातील ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी ते टाळावे.

अडुळसा : कफावरील प्रसिद्ध औषध. गर्भाशयाचे आकुंचन होण्याची शक्यता असल्याने गर्भवतींस देऊ नये.

दालचिनी : बाजारात मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन अधिक असते. ते दीर्घकाळ व अधिक प्रमाणात पोटात गेल्यास यकृतास अपाय करू शकते.

२०२० चा अनुभव

कोरोनाच्या साथीत, २०२० मध्ये, आयुष मंत्रालयाने तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ व काळी मिरी १ भाग असा काढा सुचविला होता. ३ ग्रॅम चूर्ण, १५० मिलिलीटर उकळलेले पाणी, दिवसातून एकदा किंवा दोनदा, हे प्रमाणही त्यात होते. अनेक घरांतून काढा राहिला, प्रमाण विसरले गेले. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे तेथील डॉक्टरांनी पुढे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले, परंतु तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलींपासून सावध राहण्याची सूचनाही केली. बोध स्पष्ट आहे : ओळख पटल्याशिवाय वेल तोडू नये आणि यकृताचा विकार असल्यास गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये.

पाळावयाचे नियम

१. विकतच्या हारातील तुळस काढ्यास वापरू नये. त्यावर फवारणी झालेली असू शकते. घरची पाने धुऊन घ्यावीत.
२. एक वर्षाखालील बाळास मध कदापि देऊ नये, काढ्यातूनही नाही.
३. पेय फार कढत पिऊ नये. ६५ अंश सेल्सियसहून अधिक तापलेली पेये अन्ननलिकेस घातक ठरण्याचा संभव आहे.
४. शस्त्रक्रिया ठरली असल्यास आपण घेत असलेला काढा डॉक्टरांना अवश्य सांगावा.
५. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे किंवा अन्नावरील वासना जाणे, असे काही आढळल्यास काढा त्वरित थांबवून डॉक्टरांकडे जावे.
६. काढ्यासाठी चालू औषध बंद करू नये.

घरातील वडीलधाऱ्यांना आपण मायेने पेला पुढे करतो. ते नाही म्हणत नाहीत, आणि आपल्या गोळ्यांविषयी बोलतही नाहीत. म्हणून देणाऱ्यानेच आधी विचारावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

सर्वांस उत्तम आरोग्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.