जंगलाचा भाव

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव रोज ठरतो. जंगलाचा भाव मार्च 2008 मध्ये नव्याने ठरला. वनप्रकार व झाडांची दाटी पाहून सर्वोच्च न्यायालयाने हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये दर मंजूर केले. खाणीसाठी वनजमीन मागणाऱ्याला 2022 पर्यंत याच दराने रक्कम भरावी लागे, शिवाय पर्यायी वनीकरणाचा खर्च वेगळा.

1980 च्या वन संवर्धन कायद्याने केंद्राच्या संमतीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देणे थांबवले. संमतीसोबत बदली झाडे लावायची अट येई. पुष्कळ झाडे कागदावरच उगवली. गोदावर्मन खटल्यात 2002 मध्ये न्यायालयाने त्यासाठी स्वतंत्र निधीचा आदेश दिला. पैसे जमत गेले, आणि त्यांतला मोठा हिस्सा, 47 हजार कोटींहून अधिक, राज्यांना मिळाला ऑगस्ट 2019 मध्ये. सतरा वर्षे! कांद्याची पट्टी आठवडाभर थकली तरी आमच्याकडे ओरड होते.

गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर 2007 मध्ये लोहखनिजासाठी सुमारे 348 हेक्टरचा पट्टा दिला गेला. तिथेच माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत जत्रा भरते. चैत्रात पहाटे मोहफुले वेचायची, मग तेंदूपाने तोडायची, हे तिथले वर्षाचे गणित. वर सांगितलेल्या दरात अशा वनोपजाचे मूल्य धरलेले आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ती रक्कम जाते सरकारी निधीत, वेचणाऱ्या बाईच्या टोपलीत नाही. आणि बदली रोपे लागतात ती तिच्या पाड्याजवळच, असेही बंधन नाही.