रेडिओ आला, पण बैठक कशाला?

नवी मुंबईच्या गावठाणातल्या आमच्या एका बचत गटात परवा प्रश्न निघाला. "ताई, हप्ता, कर्ज, योजना, सगळं व्हॉट्सॲपवर येतं. मग बैठक कशाला?" दिवसभर राबून आलेल्या बायकांचं म्हणणं मलाही क्षणभर पटलं. पण मग एक जुनी गोष्ट आठवली. ती आज सांगते.

नवी वस्तू गावात आली की गंमत होतेच. २००१ सालच्या 'व्हिझोनटेले' या तुर्की विनोदी चित्रपटात १९७४ साली एका लहान गावात पहिला टीव्ही येतो. चित्र काही दिसेना, म्हणून माणसं डोंगर चढतात. आपण हसतो. पण वस्तू आली म्हणजे कळलं, असं होतं का?

हे आपल्या महाराष्ट्रात १९५६ साली तपासून पाहिलं गेलं. युनेस्को या जागतिक संस्थेच्या मदतीने आकाशवाणी पुणे केंद्राने पुणे, नाशिक, अहमदनगर, सातारा आणि कोल्हापूर भागातल्या सुमारे १५० गावांत रेडिओ ऐकणारी मंडळं सुरू केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम लागायचा. शेती, जनावरं, आरोग्य असे विषय. ऐकून झालं की रेडिओ बंद आणि चर्चा सुरू. मंडळाचे प्रश्न पुण्याला जायचे, उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने याचा अभ्यास केला. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओ नसलेली गावं, अशी तुलना केली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ होता तिथे त्या मानाने फारच थोडी. म्हणजे फरक पडला तो एकत्र बसून बोलल्यामुळे.

तेव्हा प्रश्न पुण्याला धाडावा लागे. २००८ पासून सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' या सामुदायिक रेडिओवर गावच्या बायका स्वतः बोलतात. तिथवर पोचायला पन्नासहून जास्त वर्षं लागली.

आता आमच्या गटाचं सांगते. खात्यातून ४३६ रुपये कापल्याचा मेसेज चौघींना आला होता. चौघी गप्प होत्या. बैठकीत एकीने विचारलं, तेव्हा कळलं की तो जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे. सभासदाच्या मृत्यूनंतर वारसाला दोन लाख मिळतात. मग दुसरा प्रश्न आला, "वारस म्हणून नाव कुणाचं लावलंय?" दोघींना ते आठवेना. दुसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या.

आमची बैठक चालूच राहिली. तुम्हीही पुढच्या बैठकीला न कळलेला एक मेसेज घेऊन या. मोठ्याने वाचा.