एका अरण्याच्या दोन वाटा : केर्न्स ते कुरांडा

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या ईशान्य किनाऱ्यावर वसलेले केर्न्स हे शहर 'ग्रेट बॅरिअर रीफ' या प्रवाळभिंतीमुळे जगाला ठाऊक आहे. येथे येणारा बहुतेक पर्यटक प्रथम समुद्राकडे धाव घेतो. शहराच्या पाठीशी मात्र हिरव्यागार डोंगरांची एक उंच भिंत उभी आहे. त्या भिंतीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटर उंचीवर, कुरांडा हे छोटेसे गाव आहे. सकाळी घाटातील जुन्या आगगाडीने कुरांडा गाठावयाचे आणि दुपारी अरण्याच्या माथ्यावरून जाणाऱ्या रोप-वेने खाली उतरावयाचे, हा येथील एका दिवसाचा प्रवास. दोन्ही वाटा एकाच अरण्यातून, बॅरन नदीच्या एकाच खोल घळीच्या काठाने जातात. त्यांच्या जन्मात मात्र १०४ वर्षांचे अंतर आहे. या काळात माणसाची अरण्याकडे पाहण्याची दृष्टी किती पालटली, हे या दोन वाटा शेजारी ठेवून पाहिल्यास स्पष्ट दिसते.

भुकेने आखलेला लोहमार्ग

ही आगगाडी पर्यटकांसाठी बांधलेली नाही. तिच्या मुळाशी भूक आहे. १८८० च्या सुमारास पठारावरील हर्बर्टन येथे कथिलाच्या खाणी सुरू झाल्या आणि मोठ्या संख्येने खाणकामगार तेथे पोहोचले. त्यांचे धान्य किनाऱ्यावरील बंदरांतून बैलगाड्यांनी आणि खेचरांवरून येत असे. १८८२ च्या पावसाळ्यात मुसळधार पावसाने रस्त्यांचा चिखल झाला, गाड्या रुतल्या आणि हर्बर्टनमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला. उपासमारीच्या उंबरठ्यावर आलेल्या कामगारांनी किनाऱ्यापर्यंत लोहमार्गाची मागणी लावून धरली.

त्याच वर्षी ख्रिस्ती पामर्स्टन या अनुभवी वाटाड्याकडे डोंगरातून मार्ग शोधण्याचे काम सोपविण्यात आले. पोर्ट डग्लस, केर्न्स आणि इनिसफेल या तिन्ही गावांना लोहमार्ग आपल्याकडे हवा होता, कारण ज्या बंदराला तो मिळेल त्याचीच भरभराट होणार, हे उघड होते. १८८४ मध्ये बॅरन नदीच्या घळीतून जाणारा मार्ग निश्चित झाला आणि कौल केर्न्सच्या बाजूने लागला. १८८६ च्या मे महिन्यात क्वीन्सलँडचे पंतप्रधान सॅम्युएल ग्रिफिथ यांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला.

पंधरा बोगदे, पहार आणि फावडे

कामाचे तीन टप्पे पाडण्यात आले होते. त्यांतील घाटाचा दुसरा टप्पा सर्वांत बिकट. त्याचे कंत्राट जॉन रॉब यांनी घेतले. डोंगरउतार सरासरी ४५ अंशांचा, आणि त्यावर सुटे खडक, कुजलेला पालापाचोळा व माती यांचा पाच ते सात मीटर जाडीचा थर. ठिसूळ थर हलवावा तर वरची दरड खाली येई. पायथ्यापासून खोदत वर जाण्याऐवजी आधी हा सगळा थर काढून पक्का खडक उघडा करावा लागे, आणि मगच रुळांसाठी जागा तासता येई.

एके काळी या कामावर सुमारे १,५०० मजूर होते. त्यांत आयरिश आणि इटालियन अधिक. सुरुंगाची दारू वगळता त्यांच्या हाती पहार, फावडे, कुदळ आणि बादल्या एवढीच साधने होती. प्रत्येक बोगद्याजवळ, कड्याला चिकटून, तंबूंच्या वस्त्या उभ्या राहिल्या. जेमतेम उभे राहता येईल अशा जागेवरही दुकाने थाटली गेली. ताप, हगवण, कोसळणाऱ्या दरडी आणि अवेळी उडालेले सुरुंग यांनी माणसे दगावत राहिली. या टप्प्यावर किमान २३ कामगारांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे.

या घाटात १५ बोगदे आणि डझनावारी पूल आहेत. रूळ नॅरोगेज, म्हणजे १,०६७ मिलिमीटर रुंदीचे आहेत. स्टोनी क्रीक येथील धबधब्यासमोरून अर्धवर्तुळात वळणारा लोखंडी पूल हा या मार्गाचा मानबिंदू. १८९० च्या एप्रिलमध्ये तो जवळजवळ पुरा झाला असताना क्वीन्सलँडचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन पाहणीस आले. हेच नॉर्मन १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात ब्रिटिश फौजेत होते, आणि पुढे १८९३ मध्ये हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयपदासाठी निवड होऊनही त्यांनी ते पद स्वीकारले नाही. त्यांच्या सन्मानार्थ रॉब यांनी चक्क पुलावरच मेजवानीची टेबले मांडली. धबधब्याच्या गर्जनेत कोणाचे काही ऐकू येईना, म्हणून त्या दिवशी भाषणे झालीच नाहीत, असे सांगितले जाते.

२५ जून १८९१ रोजी कुरांडापर्यंतचा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. ज्या हर्बर्टनच्या भुकेसाठी हा सारा खटाटोप आरंभिला, तेथे मात्र पहिली गाडी १९१० मध्ये पोहोचली. मागणी केल्यापासून तोपर्यंत २८ वर्षे लोटली होती. पुढे कथिलाचे दिवस सरले, मालवाहतूक रस्त्यांवर गेली आणि घाटातील गाडी हळूहळू पर्यटकांची झाली. कुरांडाचे १९१५ मध्ये बांधलेले काँक्रीटचे स्थानक, फलाटावरील नेचे आणि टांगलेल्या कुंड्यांसह, आजही वापरात आहे.

धबधब्याचे पाणी

कुरांडाच्या अलीकडे बॅरन धबधब्यासमोर गाडी काही मिनिटे थांबते. येथे नदी सुमारे २६० मीटर खाली कोसळते. जाबुगाय या मूळ रहिवाशांच्या भाषेत या धबधब्याला 'दिन दिन' असे म्हणतात. पावसाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते एप्रिलच्या दरम्यान, तांबूस पाण्याचा लोंढा संपूर्ण कडा व्यापून टाकतो. उरलेल्या महिन्यांत मात्र अनेकदा खडकांवरून उतरणाऱ्या काही धाराच दिसतात.

याचे कारण केवळ ऋतुमान नव्हे. धबधब्याचे पाणी वळवून वीज निर्माण करणारे भूमिगत केंद्र येथे १९३५ मध्ये सुरू झाले. ऑस्ट्रेलियातील ते पहिले भूमिगत वीजकेंद्र होय. १९६३ मध्ये त्याची जागा नव्या, मोठ्या केंद्राने घेतली. दरम्यान १९५८ मध्ये नदीच्या वरच्या भागात शेतीसाठी टिनारू धरण बांधले गेले. फलाटावरील पर्यटकाला दिसणारा धबधबा हा असा पठारावरील शेतीने आणि शहरातील दिव्यांनी आपला वाटा घेतल्यानंतर उरलेला धबधबा आहे.

अरण्याच्या माथ्यावरून

दुसरी वाट ३१ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. 'स्कायरेल' हा साडेसात किलोमीटर लांबीचा रोप-वे किनाऱ्यावरील स्मिथफिल्डपासून कुरांडापर्यंत जातो. त्या वेळी पाळण्यांचा तो जगातील सर्वांत लांब रोप-वे होता. त्याच्या कल्पनेपासून उद्घाटनापर्यंत साधारण आठ वर्षे गेली, आणि त्यांतील बांधकामाचा काळ सुमारे वर्षभराचा. बाकीची वर्षे अभ्यास, परवानग्या आणि वादविवाद यांत गेली. १९८८ मध्ये हे अरण्य युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले होते. अशा ठिकाणी लोखंडी मनोरे उभारण्यास पर्यावरणवाद्यांचा कडाडून विरोध होता. १९९४ मध्ये निदर्शनेही झाली. ज्यांच्या पूर्वजांची ही भूमी, त्या जाबुगाय समाजातही अस्वस्थता होती.

या विरोधाची छाप बांधकामाच्या पद्धतीवर पडलेली दिसते. अरण्यात मनोऱ्यांसाठी रस्ते करण्यात आले नाहीत. प्रत्येक मनोऱ्यासाठी सुमारे दहा मीटर लांबी-रुंदीचाच तुकडा मोकळा करण्यात आला. तेथील रोपे, माती आणि पालापाचोळा बाजूला जपून ठेवला गेला आणि काम संपल्यावर पुन्हा तेथेच पसरला गेला. मनोऱ्यांचे भाग हेलिकॉप्टरने वरून उतरविले गेले. कामगार आपली हत्यारे घेऊन रोज पायी चढत. शंभर वर्षांपूर्वी ज्या डोंगरावरची माती आणि झाडे आधी खरवडून काढावी लागली होती, त्याच डोंगरावर आता मूठभर मातीचाही हिशेब ठेवला गेला. तरीही मनोरे उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या आणि अरण्याच्या आकाशरेषेत माणसाची एक रेघ कायमची उमटली. विरोधकांचा मूळ प्रश्न या काळजीने पुरता सुटला असे म्हणता येणार नाही.

सहाजणांच्या पाळण्यातून जाताना अरण्याचे छत पायाखाली येते. जमिनीवरून न दिसणारे जीवन येथे दिसते. उंच कौरी वृक्ष, त्यांच्या फांद्यांवर वाढलेली घरट्यासारखी नेची, काट्यांच्या आकड्यांनी वर चढणारे वेत, यजमान झाडाला कवेत घेऊन शेवटी त्याची जागा घेणारे वडाच्या कुळातील वृक्ष आणि निळ्या पंखांचे युलिसिस फुलपाखरू, हे सारे वरच्या उजेडातील जग. वाटेत दोन थांबे आहेत. ५४५ मीटर उंचीवरील रेड पीक येथे उतरून लाकडी पायवाटेने अरण्याच्या तळाशी फिरता येते. दुसऱ्या थांब्यावरून बॅरन धबधबा समोरच्या काठावरून दिसतो. आगगाडीतून पाहिलेल्या दृश्याची ही दुसरी बाजू.

गोंडवनाचा धागा

'वेट ट्रॉपिक्स' या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा टाउन्सव्हिल ते कुकटाउन असा सुमारे ४५० किलोमीटर पसरला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,९४० चौरस किलोमीटर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या भूमीच्या एक टक्क्याचा जेमतेम आठवा भाग. तरीही त्या देशातील पक्ष्यांच्या सुमारे ४० टक्के आणि फुलपाखरांच्या सुमारे ६० टक्के जाती येथे आढळतात. कॅसोवरी हा माणसाएवढ्या उंचीचा, उडू न शकणारा पक्षी अखंड फळे गिळतो आणि त्यांच्या बिया दूरवर टाकतो. मोठ्या बियांच्या कित्येक झाडांचा वंश त्याच्यावर विसंबून आहे.

हे अरण्य ज्या प्राचीन महाखंडाचे अवशेष मानले जाते, त्याचे नाव गोंडवन. भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे भूभाग एके काळी त्यात जोडलेले होते. हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले, आणि त्या प्रदेशाचा एक भाग आजच्या विदर्भात आहे. पुढे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या सह्याद्रीच्या रांगाही त्याच महाखंडाच्या तुकड्यावर उभ्या आहेत.

भूमीचे धनी

लोहमार्ग येण्यापूर्वी या डोंगरांतून जाबुगाय लोकांच्या पायवाटा होत्या. खेचरांचे तांडे आधी त्याच वाटांनी वर चढले. त्यांच्या कथेनुसार बुडाजी नावाच्या महाअजगराच्या वाटचालीतून बॅरन नदीची घळ घडली. वसाहतीच्या काळात त्यांची भूमी गेली. १९१३ मध्ये कुरांडाजवळ सुरू झालेल्या मोना मोना या मिशन वसाहतीत त्यांना हलविण्यात आले आणि मुलांना आईवडिलांपासून वेगळे वसतिगृहात ठेवले गेले. ही वसाहत १९६२ मध्ये बंद झाली. डिसेंबर २००४ मध्ये न्यायालयाने बॅरन घळीच्या राष्ट्रीय उद्यानावरील जाबुगाय समाजाचे पारंपरिक हक्क मान्य केले. क्वीन्सलँडमधील राष्ट्रीय उद्यानाबाबत असा निर्णय प्रथमच झाला. आगगाडीच्या इंजिनावर रंगविलेला बुडाजी पर्यटकांना आवडतो. मात्र त्या चित्रामागे हा सारा इतिहास आहे.

प्रवासापूर्वी

जाताना आगगाडी आणि येताना रोप-वे, किंवा याच्या उलट, असा क्रम सोयीचा ठरतो. गाड्या साधारणपणे सकाळी वर जातात आणि दुपारी परततात. प्रवासाला पावणेदोन ते दोन तास लागतात. रोप-वेला दोन्ही थांबे धरून दीड तास हाताशी ठेवावा. रोप-वेचा पायथा केर्न्सच्या मध्यवस्तीपासून सुमारे १५ किलोमीटरवर असल्याने बसची व्यवस्था आधीच करावी लागते. मधल्या वेळेत कुरांडातील बाजार आणि नदीकाठच्या पायवाटा पाहून होतात. मे ते ऑक्टोबर हा कोरडा, सुखद काळ. धबधबा मात्र पावसाळ्यातच पाहावा. त्या दिवसांत वीज-वादळामुळे रोप-वे थांबण्याची तयारी ठेवावी.

डोंगर अजूनही पूर्वीसारखाच ढासळतो. मार्च २०१० मध्ये दरडीवर आदळून गाडी रुळावरून घसरली आणि काही प्रवासी जखमी झाले. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळाच्या पावसाने बॅरन नदीच्या पुराने १९७७ चा उच्चांक मोडला, लोहमार्गावर दरडी कोसळल्या आणि वाहतूक कित्येक महिने बंद राहिली. त्याआधी नोव्हेंबर २०१८ च्या उष्णतेच्या लाटेत केर्न्सच्या परिसरात चष्मेवाल्या फळखाऊ वटवाघळांपैकी सुमारे २३,००० मृत्युमुखी पडली. परागीकरण आणि बीजप्रसार करणारी ही वटवाघळे अरण्याची माळीच होत. मनोरे उभारताना मातीची जी काळजी घेतली गेली, ती वाढत्या उष्णतेपासून या अरण्याचे रक्षण करू शकत नाही. पाळण्यातून दिसणारे हिरवे छत पुढच्या पिढीलाही तसेच दिसावयाचे असेल, तर त्याचे उत्तर या डोंगरापासून फार दूर, जगातील शहरांमध्ये शोधावे लागेल.