सीटी स्कॅनचं इंजेक्शन दिल्यावर अंग गरम का होतं? कॉन्ट्रास्ट डाय शरीरात नेमकं काय करतो?

हाताच्या शिरेतून इंजेक्शन जातं आणि काही सेकंदांत घसा, छाती, ओटीपोट गरम होतं. तोंडात धातूसारखी चव येते. कपड्यातच लघवी झाली की काय, असंही अनेकांना वाटतं. सीटी स्कॅनच्या टेबलावर पहिल्यांदा झोपलेला माणूस घाबरतो तो इथेच. पण ही ॲलर्जी नसते आणि बहुतेकांचा हा त्रास एक-दोन मिनिटांत ओसरतो.

हा ‘डाय’ म्हणजे काय?

नाव डाय असलं तरी हा रंग नाही. सीटी स्कॅनसाठी वापरलं जाणारं हे आयोडीनयुक्त द्रव पाण्यासारखं पारदर्शक असतं. आयोडीन एक्स-रे चांगल्या प्रकारे अडवतं. त्यामुळे रक्तवाहिन्या, गाठी, सूज आलेला भाग आजूबाजूच्या अवयवांपेक्षा उजळ दिसतो. एमआरआयसाठी आयोडीन नाही, तर गॅडोलिनियम हा वेगळा धातू वापरतात.

मग गरम का वाटतं?

बहुतेक आयोडीन डाय रक्तापेक्षा जास्त संहत असतात. ते वेगाने शिरेत गेले की रक्तवाहिन्या थोडा वेळ रुंदावतात आणि ऊब जाणवते. जुने डाय रक्ताच्या जवळपास पाचपट संहत होते. आताचे त्याहून बरेच सौम्य आहेत.

खरी रिॲक्शन कशी ओळखायची?

अंगावर पित्त उठणं, खाज, सतत शिंका, डोळे किंवा ओठ सुजणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, धाप लागणं, चक्कर येणं ही लक्षणं दिसली तर तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगायला हवं. गंभीर रिॲक्शन बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते. म्हणूनच स्कॅन झाल्यावर रुग्णाला थोडा वेळ थांबवून ठेवतात. अंगावर पुरळ मात्र काही तासांनी किंवा दिवसांनीही येऊ शकतं.

हे किती जणांना होतं? जपानमध्ये ३ लाखांहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या डायमुळे १२.६६ टक्के, तर नव्या प्रकारच्या डायमुळे ३.१३ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. नव्या डायची गंभीर रिॲक्शन ०.०४ टक्के, म्हणजे १० हजारांत साधारण ४ जणांना आली.

कोळंबी खाल्ल्यावर ॲलर्जी येते, मग डाय चालेल का?

‘मासळीत आयोडीन असतं, म्हणून डाय नको’ हा जुना गैरसमज आहे. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी प्रामुख्याने त्यातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते, आयोडीनमुळे नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा प्रश्न असतो तो असा: याआधी डायची रिॲक्शन आली होती का?

किडनीचं काय?

हा डाय मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतो. किडनी नीट काम करत असेल तर साधारण २४ तासांत जवळपास सगळा निघून जातो. किडनी आधीच अशक्त असेल तर धोका वाढतो. म्हणूनच स्कॅनआधी अनेकदा क्रिएटिनिनची रक्त तपासणी सांगतात. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या काही रुग्णांना ती गोळी ४८ तास थांबवायला सांगितली जाते. पण हा निर्णय डॉक्टरांचा, स्वतःहून गोळी बंद करू नये.

स्कॅनआधी काय सांगावं?

- आधी आलेली डायची रिॲक्शन, शक्य असल्यास डायच्या नावासह
- दमा किंवा कोणत्याही औषधाची तीव्र ॲलर्जी
- किडनी, थायरॉइड, डायबेटिस आणि सुरू असलेल्या गोळ्या
- गर्भारपण किंवा त्याची शक्यता

संमतीपत्रावर सही करण्याआधीच हे सांगितलेलं बरं. ‘स्कॅन रद्द होईल’ या भीतीने अनेक जण जुनी रिॲक्शन लपवतात. पण ती कळली तर डॉक्टर डाय बदलू शकतात, आधी औषध देऊ शकतात किंवा दुसरी तपासणी निवडू शकतात. लपवली तर यातला एकही पर्याय त्यांच्या हातात राहत नाही.